मत्स्यपेटीचा हीटर आणि घरातील वडीलधारी माणसे

मत्स्यपेटीसाठी कोणता हीटर घ्यावा, हा प्रश्न डॉक्टरला विचारण्याचा नव्हे, असे कोणालाही वाटेल. तरीही गिरगाव, दादर, परळ या भागांत व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरपुढे तो थंडीच्या तोंडावर येतोच. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून झाल्या, की उठता उठता एखादे आजोबा तो हळूच विचारतात. या भागातील अनेक घरांत मोठी मत्स्यपेटी आली ती मुलांच्या हौसेपायी. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर पडली आणि पेटी मागे राहिली. तिची देखभाल आता सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांकडे आहे. पाणी, काच आणि वीज या तिन्हींशी एकाच वेळी गाठ पडते आणि हात पूर्वीसारखे स्थिर नसतात, दृष्टीही अधू झालेली असते. म्हणून हा प्रश्न माझ्या मते निम्मा तरी आरोग्याचा आहे.

पेटीच काढून टाका, असे मात्र मी सहसा सांगत नाही. गिरगावात वाढलेल्या पिढीला चर्नी रोडजवळच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे वेगळे सांगायला नको. 1951 साली उघडलेल्या त्या वास्तूत काचेला नाक लावून उभी राहिलेली मुलेच आज आजी-आजोबा झाली आहेत. माशांकडे पाहत बसल्याने मन निवते, रक्तदाबही काहीसा उतरतो, असे निरीक्षण पाश्चात्त्य संशोधकांनी 1980 नंतरच्या दशकातच नोंदवले होते. त्याहून उपयोगाचा अभ्यास अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि ॲलन बेक यांचा आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या 62 वृद्धांच्या भोजनकक्षात मत्स्यपेटी ठेवण्यात आली होती. त्यांचे खाणे सुमारे एकपंचमांशाने वाढले आणि 16 आठवड्यांत वजनही थोडे वाढले. जेवायला बसवले तरी उठून जाणाऱ्या रुग्णाला भरवण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना या आकड्यांचे मोल कळेल. पेटी टिकावी असे मला वाटते ते यासाठी. ती टिकवताना माणूस जायबंदी होऊ नये, एवढीच काळजी घ्यायची आहे.

हीटर निवडताना तो किती चांगला तापतो, एवढेच पाहून भागत नाही. बिघडला तर तो कसा बिघडेल आणि त्या वेळी घरात कोण असेल, हा विचार आधी करावा.

हीटर हवा कोणाला?

प्रथम हे पाहावे की आपल्याला हीटरची गरज आहे का. मुंबईची थंडी म्हणजे पुण्या-नाशिकची थंडी नव्हे. कुलाब्याचे जानेवारीतील सरासरी किमान तापमान 19 अंशांच्या आसपास असते आणि तेही बाहेरच्या हवेचे. बंद खोलीतील पाण्याने भरलेली मोठी पेटी पहाटेच्या गारव्याला लगेच दाद देत नाही. दिवसभर तापलेले पाणी रात्रभर पुरते. 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझला पारा 7.4 अंशांवर उतरला होता, पण तशा रात्री या शहराच्या वाट्याला क्वचितच येतात.

आपल्या पेटीत गोल्डफिश असतील तर हीटरचा विचारच सोडून द्यावा. त्यांना गारवा मानवतो. मुंबईचा उन्हाळाच त्यांना जड जातो. डासांच्या बंदोबस्तासाठी सर्वांना ठाऊक झालेले गप्पी मासे आणि त्यांच्या जवळचे मॉली हेही झाकण असलेल्या पेटीत आपली थंडी बहुधा निभावून नेतात. डिस्कस मात्र 28 ते 30 अंशांच्या पाण्यातला मासा आहे. त्याला हीटर हवाच. अरोवानालाही ऊब लागते. (वास्तूच्या नावाखाली चार फुटी पेटीत अरोवाना आणून सोडणाऱ्यांविषयी न बोललेले बरे. तो मासा वाढतो, पेटी वाढत नाही.) एंजल आणि ऑस्कर मधले आहेत. पाणी 24 अंशांच्या खाली जात नसेल तर त्यांचे चालते.

अलीकडे आणखी एक कारण निर्माण झाले आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आणि चाळीतील कुटुंबे वातानुकूलित खोल्यांत राहू लागली. आजोबांना दम लागतो, आजींना घाम सहन होत नाही, म्हणून रात्रभर एसी सुरू असतो. त्याच खोलीत पेटी असेल, तर पाण्याला दिवसा 29 आणि पहाटे 23 अंश असा हेलकावा बसू शकतो. बेताच्या गारव्यापेक्षा हा रोजचा हेलकावाच माशांना अधिक बाधतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठण्याचा रोग पुष्कळदा त्यातूनच डोके वर काढतो. इथे पहिला उपाय म्हणजे पेटी दुसऱ्या खोलीत हलवणे. दुसरा, वर काचेचे झाकण घालणे, कारण उघड्या पाण्याची वाफ होताना बरीच ऊब निघून जाते. एवढे करूनही भागले नाही, तर हीटर.

हे ठरवण्यासाठी एक साधा तापमापक घ्यावा आणि आठवडाभर पहाटे व दुपारी पाण्याचे तापमान कागदावर लिहून ठेवावे. दृष्टी अधू असेल तर मोठ्या आकड्यांचा डिजिटल तापमापक बरा. पाऱ्याचा तापमापक पेटीत कधीही ठेवू नये. तो फुटला तर मासे तर जातीलच, शिवाय घरात पारा सांडेल. आठवड्याच्या नोंदीत पाणी 24 अंशांच्या खाली उतरलेलेच नसेल आणि पेटीत डिस्कससारखे मासे नसतील, तर हीटरचे पैसे वाचले असे समजावे.

एक मोठा की दोन लहान?

आता हीटर हवाच आहे, असे धरू. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा पेटीत काठोकाठ भरल्यास सुमारे 255 लिटर पाणी मावते. दुकानात गेल्यावर ‘लिटरला एक वॉट’ हा ठोकताळा ऐकू येतो आणि 300 वॉटचा एक हीटर हाती ठेवला जातो. हा ठोकताळा थंड प्रदेशांतून आलेला आहे. आपल्याकडे पाणी खोलीपेक्षा चार-पाच अंशच अधिक ठेवायचे असते आणि झाकण असलेल्या अशा पेटीला तेवढ्यासाठी साधारण 100 वॉट पुरतात.

हीटर दोन प्रकारे बिघडतो. पहिल्या प्रकारात तो तापेनासा होतो. तेव्हा पाणी हळूहळू थंड होते, मासे मंदावतात आणि सकाळी आपल्या लक्षात येते. सावरायला वेळ मिळतो. दुसरा प्रकार घातक आहे. साध्या हीटरमध्ये तापमान राखण्यासाठी दोन धातूंची पट्टी असते. ती वाकली की विजेचे टोक सुटते, सरळ झाली की जुळते. हजारो वेळा सुटता-जुळताना ठिणग्या पडून ही टोके कधीतरी एकमेकांना चिकटून बसतात आणि मग हीटर बंदच होत नाही.

300 वॉटचा हीटर असा अडकला तर काय होईल? 27 अंशांवरचे पाणी पहिल्या काही तासांत दर तासाला अर्धा-पाऊण अंशाने चढेल. सकाळपर्यंत ते 31-32 अंशांवर पोहोचेल आणि दुसऱ्या रात्री पस्तिशी ओलांडेल. पाणी तापते तसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. 25 अंशांना तो लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम असतो, 35 अंशांना जेमतेम 7. नेमक्या त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. घरची मंडळी दोन दिवसांसाठी कोकणात गेलेली असली, तर परत आल्यावर काय दिसेल हे सांगायला नको.

त्याऐवजी 100 वॉटचे दोन हीटर पेटीच्या दोन टोकांना लावले, तर त्यातील एक अडकला तरी थंडीच्या दिवसांत तो पाणी खोलीपेक्षा पाचेक अंशच वर नेऊ शकेल, म्हणजे आपल्याला हवे तितकेच. एक बंद पडला तर दुसरा बव्हंशी काम निभावून नेतो. माझी शिफारस म्हणून दोन लहान हीटरांची आहे. वीजही फार लागत नाही. दोन्ही मिळून दिवसात दहा तास तापले तरी दोन युनिटच.

हे गणित थंडीचे आहे. मे महिन्यात खोलीच 31-32 अंशांवर असते. तेव्हा लहान हीटर अडकला तरी पाणी 36-37 अंशांवर जाईल. म्हणून होळी झाली की हीटरचे प्लग काढून ठेवावेत आणि दिवाळीनंतर गरज दिसेल तेव्हाच पुन्हा लावावेत. एसीच्या खोलीत डिस्कस पाळणाऱ्यांना ही मोकळीक नाही. त्यांच्यासाठी पुढील उपकरण आवश्यकच.

हे उपकरण म्हणजे बाहेरून लावायचा वेगळा तापमान-नियंत्रक. त्याची संवेदक तार पाण्यात सोडतात आणि हीटरचा प्लग त्याच्यात खोचतात. नियंत्रक 27 अंशांवर आणि हीटरची स्वतःची चकती 28 वर ठेवावी. रोजचे काम नियंत्रक करतो. तो फसला तर हीटरची पट्टी आवरते. पाणी बेसुमार तापायला दोन्ही एकाच वेळी बिघडावे लागतील. संवेदक तार पाण्यातून निसटणार नाही अशी घट्ट बसवावी. वीज जाऊन आल्यावर नियंत्रक आधीचा आकडा लक्षात ठेवतो का, हे दुकानातच प्लग काढून-घालून पाहावे. आकडा कुलूपबंद करण्याची सोय असेल तर तोच नियंत्रक घ्यावा. त्याचे कारण पुढे येईल.

क्रॉफर्ड मार्केटला जाताना

महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे आपले क्रॉफर्ड मार्केट, आणि तिच्या आसपासच्या दुकानांत अनेक प्रकारचे हीटर मिळतात. खोक्यावरील नावापेक्षा वस्तू हातात घेऊन पाहावी. काचेची नळी जाड आहे का, वरचे रबरी बूच घट्ट आहे का, तार बुचातून बाहेर येते तिथे सैल पडलेली नाही ना, किमान पाणीपातळीची रेघ स्पष्ट आहे का, आणि तापताना पेटणारा दिवा लांबून दिसतो का, एवढे तपासावे. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांसारखे दांडगे मासे काचेच्या हीटरला धडका देऊन तो फोडतात. अशा पेटीसाठी प्लास्टिकचे जाळीदार कवच असलेला हीटर घ्यावा. टायटॅनियमचे हीटर फुटत नाहीत, पण धातूचे असल्याने त्यांना चांगले अर्थिंग हवे. जुन्या इमारतीत त्याची खात्री नसेल तर ते घेऊ नयेत.

बाहेरून आलेल्या अनेक हीटरांना दोन गोल पिनांचा प्लग असतो. आपल्या सॉकेटमध्ये तो सैल बसतो, मग त्याला जोड-पिन लावली जाते, ती जमिनीवर पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात जाते, आणि तो बोर्ड नेमका पेटीखाली असतो. वापरलेला जुना हीटर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. त्याची पट्टी किती झिजली आहे हे बाहेरून कळत नाही.

माणसाची सुरक्षा

हा भाग घरातील कर्त्या मुला-सुनांनी अवश्य वाचावा. बुडलेल्या काचेच्या हीटरला तडा गेला तर पेटीतील पाण्यात वीज उतरते. पेटी काचेची, स्टँड लाकडी. विजेला जमिनीकडे जायला वाट नसते. त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही, मासेही पोहत राहतात. वाट मिळते ती आपण ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाण्यात हात घालतो तेव्हा.

यासाठी पेटीच्या वीजजोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. जाणारी आणि परतणारी वीज यांत फरक पडताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. नेहमीचा एमसीबी हे काम करीत नाही. तो तारांना वाचवतो, माणसाला नव्हे. चाळीतील जुन्या दोन-तारी जोडणीत अर्थिंग नसले तरीही आरसीसीबी काम करतो, त्यामुळे ‘आमच्याकडे अर्थिंगच नाही’ ही सबब चालणार नाही. परवानाधारक वायरमनकडूनच तो बसवून घ्यावा आणि त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र आरसीसीबी असला तरी झटका बसतोच, फक्त तो लांबत नाही. वयस्क माणसाला तो क्षणाचा झटकाही पुरतो. मूळचे अनियमित असलेले हृदयाचे ठोके अधिक बिघडू शकतात. त्याहूनही अधिक भीती असते ती दचकून पडण्याची. झटका लहान असतो, पण पडण्यातून खुब्याचे हाड मोडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही गंभीर ठरतो. पेसमेकर असलेल्यांनी सुस्थितीतील हीटरची धास्ती घेऊ नये, पण गळक्या विजेचा धोका त्यांना अधिक आहे, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून नियम एकच, आणि तो पेटीच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावा: प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात नाही. नुसते बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कधी कधी तारा उलट जोडलेल्या असतात आणि बटण बंद असतानाही हीटरपर्यंत वीज पोहोचलेली असते. सॉकेट गुडघ्याखाली असेल तर वाकून प्लग काढणे वृद्धांना जमत नाही आणि नियम आपोआप मोडतो. सॉकेट कमरेच्या उंचीवर, पेटीच्या बाजूला घ्यावे. प्रत्येक तार सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबून मग वर यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

पाणी बदलताना आधी प्लग काढून वीस मिनिटे थांबावे. तापलेला हीटर उघडा पडला किंवा त्यावर गार पाणी पडले, तर काच तडकते. नवा हीटरही पाण्यात वीस मिनिटे राहू द्यावा, मगच सुरू करावा. फिल्टरमधून पाणी जिथून परत पडते तिथे तो बसवावा, म्हणजे ऊब सर्वत्र पसरते. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलो. ती उचलण्याचे काम साठीनंतर कोणी करू नये; लांब नळीने पाणी थेट मोरीत सोडावे. आणि फरशी लगेच पुसावी.

मधुमेहींसाठी एक सूचना. हातावर चीर किंवा जखम असताना लांब रबरी हातमोजे घातल्याखेरीज पेटीत हात घालू नये. मत्स्यपेटीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूचा एक दूरचा भाऊबंद असू शकतो. त्याच्यामुळे काही आठवड्यांनी बोटावर न भरणारी गाठ येते आणि हळूहळू हातावर वर सरकते. उपचार काही महिने चालतात. अशी गाठ आली तर घरात मत्स्यपेटी आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. आम्ही विचारू याची खात्री नसते.

ज्यांच्या स्मृतीला ग्रहण लागले आहे

घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर हीटरची चकती हा त्याच्या हातचा चाळा होऊ शकतो. कोणी ती फिरवतो, कोणी ‘हे काय आत पडले आहे’ म्हणून हीटरच बाहेर ओढतो. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. आकडा कुलूपबंद होणारा नियंत्रक हवा तो यासाठीच. हीटर फिल्टरच्या मागे, नजरेआड बसवावा आणि झाकणाला छोटी कडी लावावी. खाणे घालण्याचे काम मात्र त्यांच्याकडून काढून घेऊ नये. रोजच्या खाण्याच्या पुड्या बांधून ठेवाव्यात आणि एकच पुडी हाती द्यावी. गोळ्यांच्या डब्यात माशांचे खाणे कदापि भरू नये. दोन्ही डबे सारखे दिसले तर घोटाळा अटळ आहे.

सांभाळणाऱ्या मावशी असतील तर हीटरचा दिवा कोणता, प्लग कोणता, मुख्य स्विच कुठे आहे, हे त्यांना प्रत्यक्ष दाखवावे. कोणाला विजेचा झटका बसून तो चिकटला, तर त्याला हात न लावता आधी मुख्य स्विच बंद करायचा, मग 108 क्रमांकाला फोन. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याची क्रिया तत्काळ सुरू करावी. झटका बसूनही माणूस ‘मला काही झाले नाही’ म्हणत असेल, तरी हृदयरोग्यांनी आणि वृद्धांनी त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा.

पाणी फार तापलेले आढळले तर घाईने बर्फ टाकू नये. हीटरचा प्लग काढावा, झाकण उघडावे, हवेचा पंप पूर्ण वेगाने चालवावा आणि पृष्ठभागावर वारा येईल असा पंखा लावावा. क्लोरिन काढलेल्या, साध्या तापमानाच्या पाण्याने थोडे थोडे पाणी बदलावे. वीज गेली असताना घरचा इन्व्हर्टर हवेच्या पंपासाठी राखावा, हीटरसाठी नव्हे. आपल्या हवेत मोठी पेटी काही तास हीटरविना सहज राहते. प्राणवायूविना, तीही माशांची दाटी असलेली, राहत नाही.

जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर लाकडी तुळयांची जमीन असेल तर आणखी एक चौकशी करावी. चार फुटी पेटी पाणी, काच, दगड आणि स्टँड धरून 300 किलोंच्या पुढे जाते. ती खोलीच्या मध्यावर कधीच ठेवू नये, तुळया जिथे भिंतीत शिरतात त्या बाजूला ठेवावी, आणि त्याआधी इमारतीची पाहणी केलेल्या अभियंत्याला विचारावे. त्याने नाही म्हटले तर दोन फुटी पेटी घ्यावी. तिला 50 वॉटचा एक हीटर पुरतो.